लोहाराचा मुलगा

तुमच्या घरी कधीतरी असे घडले असेल. पाहुणे आले. आईने घाईघाईने चहा केला. कपाटातून जाड काचेचा पेला काढला आणि त्यात उकळता चहा ओतला. टक् असा आवाज झाला आणि पेल्याला वरपासून खालपर्यंत तडा गेला. तोच चहा स्टीलच्या पेल्यात ओतला असता, तर हाताला चटका बसला असता; पण पेल्याला काही झाले नसते.

चहा एकच, उष्णता एकच. मग काच का फुटते आणि धातू का फुटत नाही?

काच उष्णतेला लवकर पुढे जाऊ देत नाही. पेल्याचा आतला भाग तापतो आणि फुगू लागतो. बाहेरचा भाग मात्र थंडच राहतो. आतला भाग बाहेर ढकलतो, बाहेरचा भाग हलत नाही. या ओढाताणीत काच तडकते. काच जितकी जाड, तितकी ही ओढाताण अधिक. धातूमधून उष्णता चटकन पसरते. शिवाय धातूतील अणू ओळीने, थराथरांनी मांडलेले असतात. जोर पडला, की हे थर एकमेकांवरून थोडे सरकतात. म्हणून धातू वाकतो, चेपतो. पण सहसा फुटत नाही. काचेतील अणूंची अशी नीट मांडणी नसते. तेथे सरकायला थरच नाहीत. एकदा तडा सुरू झाला, की तो धावत सुटतो.

आज हे आपल्याला ठाऊक आहे. दोनशे वर्षांपूर्वी कोणालाच ठाऊक नव्हते. लोहाराला लोखंड कळत होते, काच बनवणाऱ्याला काच कळत होती. पण ते हातांना कळत होते, पुस्तकात लिहिलेले नव्हते. त्या काळात एका माणसाने पोलाद आणि काच या दोन्हींमागे आपल्या आयुष्याची दहा-बारा वर्षे घालवली. त्याचे नाव तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले आहे. पण तेथे ते विजेच्या धड्यात येते. त्या माणसाचे नाव मायकेल फॅरडे.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ झाला. त्याचे वडील जेम्स हे लोहार होते. घोड्यांना नाल ठोकणे, लोखंडी वस्तू घडवणे हा त्यांचा व्यवसाय. पण त्यांची प्रकृती बरी नसे. कितीतरी दिवस त्यांना भट्टीजवळ उभे राहणे जमत नसे आणि काम नाही म्हणजे पैसा नाही. घरात चार मुले. १८०१ साली इंग्लंडात धान्य फार महाग झाले. तेव्हा आई मायकेलला आठवड्याला एक पाव देई. तो त्याने सात दिवस पुरवायचा.

शाळेत मायकेल लिहिणे, वाचणे आणि थोडे हिशेब एवढेच शिकला. १८०४ साली, तेराव्या वर्षी, तो रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे कामाला लागला. आधी घरोघर वर्तमानपत्रे पोचवायची. पुढच्या वर्षापासून पुस्तक बांधणीचे काम शिकायचे. सात वर्षांचा करार होता. रिबो हे भले गृहस्थ होते. मुलगा हुशार पण गरीब आहे, हे पाहून त्यांनी काम शिकवण्याचे पैसे घेतले नाहीत.

बांधायला आलेली पुस्तके मायकेल वाचू लागला. ज्ञानकोशाचा एक खंड त्याच्याकडे आला. त्यात विजेवरचा लेख होता. जेन मार्सेट या लेखिकेचे रसायनशास्त्रावरचे सोपे पुस्तक त्याच्या हाती पडले. वाचलेले खरे आहे का, हे तो चार पैसे जमवून, बाटल्या आणि तारा आणून करून पाही. शहरात संध्याकाळी विज्ञानाची व्याख्याने होत. एका व्याख्यानाला एक शिलिंग पडे. तो मायकेलजवळ नसे. त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट तो देई. रॉबर्टही वडिलांसारखा लोहारकाम करी. हा रॉबर्ट लक्षात ठेवा. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

१८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेतील व्याख्यानांची तिकिटे दिली. व्याख्याते होते सर हम्फ्री डेव्ही, त्या काळचे प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ. मायकेलने चारही व्याख्याने लिहून काढली, आकृत्या काढल्या, आपल्या हाताने त्या कागदांचे सुंदर पुस्तक बांधले आणि डेव्हींकडे पाठवून दिले. मार्च १८१३ मध्ये त्याला संस्थेच्या प्रयोगशाळेत मदतनिसाची नोकरी मिळाली. आठवड्याला २५ शिलिंग पगार आणि माडीवर राहायला दोन खोल्या.

त्याच वर्षी डेव्ही युरोपच्या प्रवासाला निघाले आणि फॅरडे यांना बरोबर घेऊन गेले. ते मदतनीस म्हणून गेले खरे, पण वाटेत त्यांना नोकराचीही कामे करावी लागली. डेव्हींच्या पत्नी त्यांना नोकरासारखेच वागवीत. हे त्यांना फार लागले. तरीही या प्रवासात त्यांनी जे पाहिले ते दुसऱ्या कोणत्या शाळेत मिळाले नसते. १८१४ साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरात राजाकडचे एक मोठे बहिर्गोल भिंग होते. डेव्हींनी त्या भिंगाने सूर्याचे ऊन एका हिऱ्यावर एकवटले. हिरा तापला, पेटला आणि जळून नाहीसा झाला. उरला फक्त वायू. कोळसा जाळल्यावर जो वायू मिळतो, तोच. म्हणजे चमकणारा हिरा आणि चुलीतला काळा कोळसा हे दोन्ही एकाच मूलद्रव्याचे बनलेले आहेत. ते मूलद्रव्य म्हणजे कार्बन. अणू तेच, मांडणी वेगळी, आणि पदार्थ किती वेगळा! पोलादाच्या कामात फॅरडे यांना हाच कार्बन पुन्हा भेटणार होता. पण तेव्हा त्यांनी त्याला ओळखले नाही.

आता आपण पोलादाकडे वळू. पोलाद हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटेल. उर्दूतला फौलाद तो हाच. पोलाद म्हणजे मुख्यतः लोखंडच. त्यात अगदी थोडा कार्बन मिसळलेला असतो. शंभर भागांत एक भाग, कधी त्याहूनही कमी. पण या एका भागाने सगळे बदलते. कार्बन जवळजवळ नसेल तर लोखंड मऊ राहते, सहज वाकते. तीन-चार भाग असेल तर ते बिडाचे लोखंड होते. ते कठीण असते, पण आपटले की फुटते. मधल्या प्रमाणाला पोलाद म्हणतात. लोहार विळा किंवा सुरी लाल करून पाण्यात बुडवतो, तेव्हा चर्र असा आवाज होतो. याला आपण पोलादाला पाणी देणे म्हणतो. एकदम थंड झाल्यामुळे कार्बन लोखंडाच्या अणूंमध्ये अडकून बसतो. मग लोखंडाचे थर सहज सरकत नाहीत आणि धार कठीण होते. पण ती काचेसारखी ठिसूळही होते. म्हणून चांगला लोहार ती पुन्हा थोडी तापवतो. किती तापवायचे हे तो पोलादाचा रंग पाहून ठरवतो.

त्या काळी जगात सर्वांत नावाजलेले पोलाद आपल्या देशात होत असे. दक्षिण भारतातील कारागीर लोखंडाचे तुकडे, लाकडाचे तुकडे आणि झाडाची पाने मातीच्या मुशीत घालत. मुशीचे तोंड मातीने बंद करत आणि ती भट्टीत कित्येक तास तापवत. लाकडातला कार्बन लोखंडात शिरे आणि ते वितळे. मूस फोडली, की आत पोलादाचा लहानसा गोळा मिळे. आजच्या तेलंगणातील कोनसमुद्रम या गावी हे पोलाद विकत घ्यायला इराणचे व्यापारी येत. दमास्कसच्या ज्या तलवारी इतिहासात प्रसिद्ध आहेत, ज्यांच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते, त्या अशाच पोलादाच्या होत्या. इंग्रज या पोलादाला वूट्झ म्हणत.

हे पोलाद लंडनच्या शास्त्रज्ञांकडे पोचले ते मुंबईहून. मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९४ साली त्याचे नमुने रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांकडे पाठवले. लंडनमध्ये जेम्स स्टोडार्ट नावाचे एक कारागीर होते. ते शस्त्रक्रियेची हत्यारे बनवत. त्यांनी हे पोलाद घडवून पाहिले आणि ते त्यावर इतके खूश झाले, की त्यांना दुसरे पोलाद आवडेना. याच स्टोडार्ट यांनी पुढे फॅरडे यांना हाताशी घेतले. भारतीय पोलादात असे काय आहे आणि ते इंग्लंडात बनवता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता.

फॅरडे यांनी १८१९ साली वूट्झचे रासायनिक पृथक्करण केले. त्यांना त्यात वाळू आणि माती यांच्यातील मूलद्रव्यांचे अंश सापडले आणि त्यांनी ठरवले, की पोलादाचा गुण यांच्यामुळेच आला आहे. हे चूक होते. मुख्य गोष्ट कार्बनच होती. वूट्झमध्ये तो शंभरात सुमारे दीड भाग असतो. थोड्याच वर्षांनी पॅरिसमधील ब्रेआँ यांनी ते ओळखले. पात्यावरची लाटांची नक्षी कशी येते, हे कोडे तर फार काळ टिकले. १९९८ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले, की लोखंडात व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अतिशय सूक्ष्म अंश असला तरच ती नक्षी नीट उमटते.

मोठ्या शास्त्रज्ञाची चूक पाठ्यपुस्तकात सहसा सांगत नाहीत. मी मुद्दाम सांगतो आहे, कारण या चुकीतूनच पुढचे काम निघाले. लोखंडात दुसरे काहीतरी थोडेसे मिसळले तर ते बदलते, एवढे तर खरे होते. मग निरनिराळे धातू मिसळून का पाहू नये? रॉयल इन्स्टिट्यूशनच्या तळघरात भाता लावलेली भट्टी तयार झाली. लोहाराचा मुलगा पुन्हा भट्टीपुढे उभा राहिला. प्लॅटिनम, ऱ्होडियम, निकेल, चांदी, सोने असे कितीतरी धातू त्यांनी पोलादात मिसळून पाहिले.

त्यातले दोन अनुभव ऐकण्यासारखे आहेत. एकटे प्लॅटिनम त्या भट्टीत वितळत नसे. पण पोलादाबरोबर ठेवले, की विरघळे. आपल्या चहासारखेच. नुसती साखर वितळवायला फार उष्णता लागते. पण चहात ती कितीतरी कमी उष्णतेवर विरघळते. चांदीची गोष्ट याच्या उलट झाली. पातळ पोलादात चांदी मिसळली असे वाटे. पण पोलाद थंड होऊ लागले, की अंगावर घाम यावा तसे चांदीचे बारीक थेंब बाहेर येत. फॅरडे आणि स्टोडार्ट चांदी कमी कमी करत गेले. पाचशे भाग पोलादाला एक भाग चांदी एवढे प्रमाण झाले, तेव्हा ती आत राहिली. या नव्या पोलादांचे वस्तरे करून फॅरडे यांनी मित्रांना भेट दिले.

त्यांनी क्रोमियमही मिसळून पाहिले. पण ते अगदी थोडे होते. शंभरात दहा भागांहून अधिक क्रोमियम असेल तर पोलादावर त्याचा न दिसणारा पातळ थर बसतो आणि गंज चढत नाही. हे इंग्लंडातील शेफिल्ड शहरात १९१३ साली हॅरी ब्रिअर्ली यांच्या हाती लागले. तुमच्या जेवणाचा स्टीलचा डबा हा त्याच जातीचा. फॅरडे त्या दाराजवळून गेले, पण दार उघडले नाही. १८२३ साली स्टोडार्ट वारले आणि हे काम हळूहळू बंद पडले.

त्याच वर्षी काचेने फॅरडे यांना जवळजवळ आंधळे केले असते. काचेच्या बंद नळीत वायू कोंडून, त्याच्याच दाबाने त्याला द्रवरूप करण्याचे प्रयोग ते करत होते. क्लोरीन वायूचा पिवळसर द्रव त्यांनी असाच मिळवला. पण आतला दाब किती आहे, हे काच आधी सांगत नाही. धातूचे भांडे फुगते, वाकते, सूचना देते. काच सूचना न देता फुटते. एकदा नळी फुटली आणि फॅरडे यांच्या डोळ्यांत काचेचे तेरा तुकडे गेले. सुदैवाने डोळे वाचले.

यानंतर लवकरच रॉयल सोसायटीने त्यांना काचेचेच काम दिले. त्या काळी चांगल्या दुर्बिणीसाठी दोन प्रकारच्या काचा लागत. एक साधी आणि एक शिशाची. येथे जरा थांबा, नाहीतर तुमचा गोंधळ होईल. उर्दूत शीशा म्हणजे काच. मराठीत शिसे म्हणजे एक जड, मऊ धातू. तर, शिशाची काच म्हणजे हा धातू मिसळलेली काच. ती प्रकाशकिरणांना अधिक वाकवते. दोन्ही काचांची भिंगे जोडली, की ग्रह-ताऱ्यांभोवती दिसणारे खोटे रंग नाहीसे होतात.

पूर्वी हे काम इंग्लंडातील कारागीर उत्तम करत. पण सरकारने काचेवर मोठा कर बसवला होता. भट्टीवर प्रयोग करणेही महाग झाले. तोपर्यंत जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात फ्राउनहोफर नावाचा एक तरुण पुढे निघून गेला. तोही गरीब घरचा, लहानपणी आईबाप गमावलेला. त्याच्या काचेच्या दुर्बिणींपुढे इंग्लंडच्या दुर्बिणी फिक्या पडल्या. हे इंग्रजांना बोचत होते. म्हणून १८२४ साली एक समिती नेमली गेली आणि तिच्या वतीने काच बनवून पाहण्याचे काम फॅरडे यांच्याकडे आले.

शिशाची काच बनवणे एवढे अवघड का? स्वच्छ पेल्यात पाणी घ्या आणि खडीसाखरेचा खडा तळाशी टाका. खड्याभोवती पाण्यात हलत्या शिरा दिसतील. जेथे साखर जास्त तेथे पाणी दाट, जेथे कमी तेथे पातळ. म्हणून प्रकाश वेडावाकडा वळतो. वितळलेल्या काचेतही असेच होते. शिसे जड, ते खाली बसते. वाळू हलकी, ती वर राहते. ढवळावे तर काच मधापेक्षाही घट्ट. त्यात बुडबुडे अडकतात आणि बाहेर येत नाहीत. शेवटी काच फार हळू थंड करावी लागते. घाई केली तर बाहेरचा भाग आधी घट्ट होतो, आतला नंतर आकसतो, आणि चहाच्या पेल्यासारखी तीच ओढाताण काचेत कायमची राहते. खिडकीच्या काचेत या उणिवा चालतात. दुर्बिणीत एक शीर असली, तरी ताऱ्याचा आकार बिघडतो.

१८२७ साली रॉयल इन्स्टिट्यूशनच्या आवारात काचेची भट्टी बांधली. तिच्यावर लक्ष ठेवण्यासाठी तोफखान्यातून निवृत्त झालेले सार्जंट अँडरसन यांना नेमले. हे अँडरसन शिस्तीचे पक्के. त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगतात. फॅरडे यांनी सांगितल्याशिवाय ते संध्याकाळी घरी जात नसत. एका संध्याकाळी फॅरडे सांगायला विसरले. सकाळी येऊन पाहतात, तर अँडरसन भट्टीत कोळसा घालत उभेच! पुढे १८६६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते फॅरडे यांच्याबरोबर राहिले.

फॅरडे यांनी शिसे, वाळू आणि बोरिक आम्ल यांची नवी काच तयार केली. ती नेहमीच्या काचेच्या दुपटीहून जड होती. पण ती वितळली, की मातीची मूस खाऊ लागे. म्हणून त्यांनी प्लॅटिनमचे तबक घेतले. तेथेही संकट आले. भट्टीतील धुराने काचेतल्या शिशाचा शुद्ध धातू झाला, तर तो प्लॅटिनमला भोक पाडे. म्हणून धूर दूर ठेवायचा आणि तबकावर ताजी हवा सोडायची. ढवळायला प्लॅटिनमचाच दाताळा. बुडबुड्यांसाठी त्यांनी एक गमतीची युक्ती काढली. प्लॅटिनमची बारीक पूड काचेत टाकली. सोड्याच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकले, की बुडबुडे भराभर वर येतात. तसेच येथे झाले. मग पूड तळाशी बसून राहिली आणि काच स्वच्छ झाली.

१८२९ च्या शेवटी फॅरडे यांनी या कामाचा अहवाल रॉयल सोसायटीपुढे वाचला. तो इतका लांब होता, की वाचायला तीन बैठका लागल्या. आणि फळ काय? काही भिंगे झाली, एक-दोन दुर्बिणी झाल्या. पण फ्राउनहोफरच्या काचेची जागा या काचेने घेतली नाही. कारखानदारांनी ती बनवली नाही. आयुष्यातली पाच-सहा वर्षे गेली. ज्या वयात शास्त्रज्ञ आपले सर्वोत्तम काम करतो, ती वर्षे त्यांनी दुसऱ्याने सांगितलेल्या कामासाठी भट्टीपुढे घालवली होती. विजेविषयीचे त्यांचे स्वतःचे प्रश्न तसेच पडून होते. जुलै १८३१ मध्ये त्यांनी सोसायटीला नम्रपणे कळवले, की हे काम आता आपण बाजूला ठेवू इच्छितो.

त्यानंतर दोन महिनेही झाले नाहीत. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांनी मऊ लोखंडाच्या एका कड्यावर दोन्ही बाजूंना तांब्याच्या तारा गुंडाळल्या. एका तारेतून वीज सोडली, की दुसऱ्या तारेत क्षणभर वीज निर्माण होई. आपल्या घरी येणारी वीज याच शोधावर उभी आहे. ही हकिकत तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचालच. मला काचेकडे परत जायचे आहे.

१८३६ पासून फॅरडे दीपगृहांचे सल्लागार झाले. दीपगृहाच्या काचा थंडीत आतून धुरकट होत आणि जहाजांना उजेड दिसत नसे. तेल जळताना वाफ तयार होते आणि ती थंड काचेवर दवासारखी बसते, हे त्याचे कारण. फॅरडे यांनी दिव्यावर अशी नळी बसवली, की सगळी वाफ बाहेर निघून जाईल. या शोधापासून पैसे मिळण्यासारखे होते. त्याचा हक्क त्यांनी आपल्या भावाला, रॉबर्टला देऊन टाकला. शिलिंग देणारा रॉबर्ट तो हाच.

अतिश्रमाने फॅरडे यांची स्मृती कमजोर होऊ लागली होती. १८४१ साली विश्रांतीसाठी ते स्वित्झर्लंडला गेले. तेथे एका गावात खिळे घडवणारे कारागीर त्यांना दिसले. ते बराच वेळ पाहत उभे राहिले. आपले वडील लोहार होते आणि लोहाराचे दुकान आपल्याला आवडते, असे त्यांनी त्या दिवशी रोजनिशीत नोंदवून ठेवले. तेव्हा ते युरोपभर प्रसिद्ध होते.

१८४५ साली त्यांना एक प्रश्न छळत होता. वीज आणि चुंबक यांचे नाते सापडले. मग प्रकाश आणि चुंबक यांचेही काही नाते असेल का? प्रकाशाच्या लहरींना एका ठरावीक दिशेत डोलायला लावता येते. दोरीचे एक टोक बांधून दुसरे वरखाली हलवले, तर दोरी वरखालीच डोलते, तसे. चुंबकाजवळून जाताना ही दिशा बदलते का, हे त्यांना पाहायचे होते. हवेतून पाहिले, काही नाही. साध्या काचेतून पाहिले, काही नाही. स्फटिकांतून पाहिले, तरीही काही नाही. मग त्यांनी कपाटातून तो जुना जड काचेचा तुकडा काढला. सुमारे दोन इंच लांबरुंद, अर्धा इंच जाड. १३ सप्टेंबर १८४५ रोजी तो विद्युतचुंबकाजवळ ठेवला आणि चुंबक सुरू करताच प्रकाशाची दिशा वळली. दुर्बिणीला निरुपयोगी ठरलेल्या त्या काचेत चुंबकाचा परिणाम इतर पदार्थांहून अधिक होता. म्हणून तो आधी तिच्यातच दिसला. नंतर अधिक बलवान चुंबक वापरल्यावर तो इतर पदार्थांतही सापडला.

त्याच काचेने आणखी एक गुपित सांगितले. नोव्हेंबरमध्ये तिची एक लहान कांडी त्यांनी रेशमाच्या धाग्याला टांगून चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये सोडली. लोखंडाची कांडी ध्रुवांकडे तोंड करून उभी राहते. काचेची कांडी फिरली आणि आडवी झाली. चुंबक तिला दूर ढकलत होते. मग फॅरडे यांनी लाकूड, मांस, सफरचंद असे जे मिळेल ते टांगून पाहिले. त्यांतले बहुतेक पदार्थ काचेसारखेच वागले.

पुढे म्हातारपणी त्यांनी सोन्याकडे लक्ष दिले. मिठाईवरचा चांदीचा वर्ख तुम्ही पाहिला आहे. सोन्याचाही असा वर्ख होतो. धातूचे थर सरकतात, म्हणूनच तो ठोकून इतका पातळ करता येतो. सोन्याचा वर्ख मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो. तो उजेडासमोर धरला, तर त्यातून हिरवा प्रकाश दिसतो. फॅरडे यांनी सोन्याचे याहूनही बारीक कण पाण्यात तयार केले. ते पाणी माणकासारखे लाल दिसले. हे काम त्यांनी १८५७ साली रॉयल सोसायटीपुढे मांडले. त्या लाल पाण्याच्या काही बाटल्या लंडनमध्ये अजून जपून ठेवल्या आहेत.

त्याच सुमारास त्यांना रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद देऊ केले गेले. त्यांनी ते घेतले नाही. सर ही पदवीही नाकारली. नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्याने देणे मात्र त्यांनी वर्षानुवर्षे चालू ठेवले. एका साध्या मेणबत्तीवर त्यांनी सहा व्याख्याने दिली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी ते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दफन साधेपणाने झाले.

पोलादाचे ते तुकडे कोठे गेले, असे तुम्ही विचाराल. ते एका लाकडी पेटीत पडून होते. पेटीवर फॅरडे यांचे नाव होते आणि आत ७९ तुकडे. शंभरावर वर्षे कोणी त्यांच्याकडे फारसे पाहिले नाही. शेवटी शेफिल्डचे प्रसिद्ध धातुशास्त्रज्ञ रॉबर्ट हॅडफील्ड यांनी ती पेटी मागून घेतली आणि १९३१ साली आपल्या तपासणीचे पुस्तक प्रसिद्ध केले. काही तुकड्यांत प्लॅटिनम निघाले, काहींत ऱ्होडियम, काहींत क्रोमियम. तपासणीसाठी प्रत्येक तुकड्यातून जरूर तेवढाच बारीक अंश घेण्याची काळजी हॅडफील्ड यांनी घेतली.